फक्त कुटुंबांसाठी

“या खोलीत कोण झोपायचं?” धारूरकर मॅडमनी विचारलं.

“मालकांचा धाकटा मुलगा. आता डलासला असतो.”

“आणि पलीकडच्या खोलीत?”

“मोठी मुलगी. ती टोरांटोला.”

मॅडमनी मान वर करून छताकडे पाहिलं. तिथे रेडियमच्या चांदण्या चिकटवलेल्या होत्या. दोन-तीन गळून पडल्या होत्या आणि त्यांच्या जागी गोंदाचे पिवळे ठिपके राहिले होते. “म्हणजे हे घर तीन देशांत राहतं,” त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघर बघायला निघून गेल्या.

ही गोष्ट २००९च्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा पुण्यात पाषाणला ‘सहजीवन’ नावाच्या सोसायटीत भाड्याने राहत होते आणि त्याच भागात लोकांना घरं दाखवण्याचं काम करत होते. लोक मला एजंट म्हणायचे. कार्डावर मी ‘गृहसल्लागार, हर्षदा मोकाशी’ असं छापून घेतलं होतं. आमच्या भागात घर विकायला फार बोलावं लागत नसे. शाळा दहा मिनिटांवर, टेकडी पाच मिनिटांवर, खाली घसरगुंडी आणि झोपाळे, आणि शेजारी ‘आपल्यासारखी’ माणसं. हे शेवटचं मी आवाज जरा खाली आणून सांगायची. त्याचा नेमका अर्थ मलाही ठाऊक नव्हता, पण गिऱ्हाईक दर वेळी समाधानाने मान हलवायचं.

धारूरकर मॅडमनी मान हलवली नाही. “आपल्यासारखी म्हणजे कशी?” असं त्यांनी विचारलं, आणि मी घाईघाईने त्यांना बाल्कनी दाखवायला नेलं.

मंदाकिनी धारूरकर अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. अंबाजोगाईला मुलींच्या एका वसतिगृहात एकतीस वर्षं रेक्टर म्हणून काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. राहणं-जेवण वसतिगृहातच, त्यामुळे पगार खर्च करायला सवडच मिळाली नाही, असं त्या सांगत. त्यात वडिलांच्या जमिनीतला वाटा विकला होता. पैशांची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती, आणि ती सोसायटीच्या फाटकावर निळ्या अक्षरांत रंगवलेली होती : ‘सहजीवन. फक्त कुटुंबांसाठी.’

मी त्यांना दोन खोल्यांचं घर दुसरीकडे दाखवते म्हटलं. एकट्या माणसाला तीन खोल्या कशाला, असंही जरा भीत भीत विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की एकतीस वर्षं त्या ज्या खोलीत राहिल्या, तिच्या दारावर दिवसातून चाळीस वेळा टकटक व्हायची. कुणाचं पोट दुखायचं, कुणाची बादली चोरीला जायची. आता एका खोलीत झोपायचं, एका खोलीत पुस्तकं ठेवायची आणि तिसरी खोली रिकामी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

“रिकामी म्हणजे पाहुण्यांसाठी?”

“नाही. रिकामी म्हणजे रिकामी.”

बाल्कनीतून खालची बाग दिसत होती. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. झोपाळे स्तब्ध होते. घसरगुंडीच्या पायथ्याशी दोन आजोबा वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत बसले होते. मॅडमनी बराच वेळ खाली पाहिलं आणि विचारलं, “मुलं कुठे आहेत?”

“क्लासला गेलीत,” मी म्हटलं. हे मी सगळ्यांनाच सांगायची.

घर त्यांना आवडलं. मालकांनाही त्या फोनवर पसंत पडल्या. राहिली सोसायटीची एनओसी. त्यासाठी कमिटी घेणाऱ्याला बोलावून चहा पाजायची, चार प्रश्न विचारायची आणि मग सही करायची. कायद्याने कमिटीला नाही म्हणता येत नव्हतं, पण हो म्हणायला वर्षभर लावता येत होतं. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या एका ब्रह्मचारी इंजिनिअरने तसा अनुभव घेतलाच होता. तो कंटाळून वाकडला गेला.

हा व्यवहार मला हवाच होता. तीन वर्षांत मी भाड्याची बरीच कामं केली होती, पण स्वतःच्या जिवावर विक्री एकही नाही. त्यामुळे मी मॅडमना घरी चहाला बोलावलं आणि जरा समजावून सांगितलं. कमिटीला कुणी विचारलंच तर भाचा, त्याची बायको आणि मुलं पुण्यात यायची आहेत, असं म्हणा. खरंच यायला हवीत असं नाही.

“माझा भाचा लातूरला आहे. त्याच्याकडे माझा फोन नंबरही नसेल.”

“त्याला कुठे कळणार आहे? नुसतं म्हणायचं.”

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते मला आवडण्यासारखं नव्हतं. “हर्षदा, एकतीस वर्षं मुली मला ‘मावशीकडे जाते’ सांगून सिनेमाला गेल्या. एकेकीला पाच-पाच मावश्या होत्या. खोटे नातेवाईक सांगणाऱ्या बाईचे डोळे कुठे बघतात ते मला पाठ आहे.”

मी तेव्हा नेमकी खिडकीबाहेर बघत होते.

याचं कारण सांगायला हवं. माझ्या दारावर पितळी पाटी होती : ‘पराग मोकाशी’. पराग, माझा नवरा, मस्कतला एका बांधकाम कंपनीत असतो, असं मी सोसायटीत सांगितलं होतं. खरं म्हणजे तो अडीच वर्षांपूर्वी मला आणि आमच्या जुईला सोडून नाशिकला गेला होता. तिथे त्याने दुसरं घर मांडलं होतं. आमच्यात भांडण असं उरलं नव्हतं. जुई सुट्टीत चार दिवस त्याच्याकडे जायची आणि परत यायची. पण दर वर्षी भाडेकरार नवा करताना सोसायटीचा फॉर्म भरावा लागायचा. त्यात ‘कुटुंबप्रमुख’ असा रकाना होता, आणि त्यात मी परागचं नाव लिहून कंसात ‘सध्या मस्कत’ असं लिहायची. एकट्या बाईला घर भाड्याने मिळवताना काय काय ऐकावं लागतं, ते मी धंद्यात रोज बघत होते. जुईची शाळा जवळ होती. मैत्रिणी इथल्याच होत्या. मस्कत काही फार लांब नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं.

मॅडमना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. जाताना दारावरची पाटी मात्र त्यांनी चष्मा पुसून वाचली.

रविवारी सकाळी दहा वाजता अध्यक्षांच्या घरी भेट ठरली. अध्यक्ष म्हणजे प्रभाकर हुपरीकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, सरळ पाठीचे. सोसायटी म्हणजे धरण आणि आपण त्याचे दरवाजे, अशी त्यांची समजूत होती. कमिटीत आणखी दोघं होती. खजिनदार बोथरा यांचं लक्ष्मी रोडवर साड्यांचं दुकान होतं. आणि चिटणीस शैलाताई आमच्याच मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहायच्या.

हुपरीकर काकांनी पोहे केले होते. स्वतःच केले होते. शेंगदाणे थोडे करपले होते आणि मीठ दोनदा पडलं असावं. आम्ही सगळ्यांनी छान झालेत म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “मीठ जास्त झालंय, पण लिंबू चांगलं आहे.” काकांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

मग त्यांनी फाईल उघडली आणि अतिशय सौजन्याने विचारलं, “घरात एकूण माणसं किती?”

मी मॅडमकडे बघून मनातल्या मनात भाच्याला लातूरहून बोलावलं.

“एक,” मॅडम म्हणाल्या.

काकांनी पेन खाली ठेवलं. ते चिडले नाहीत. त्यांनी मॅडमना सोसायटीचा इतिहास सांगितला. सुरुवातीला इथे चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहायची, गच्चीवर बाटल्या सापडल्या, पोलीस आले. तेव्हापासून नियम केला. कुटुंब असलं की माणूस जबाबदार राहतो. शिवाय घरांचे भाव टिकतात. लोक या भागात येतात ते मुलाबाळांचं वातावरण आहे म्हणूनच. यात मॅडमचा व्यक्तिशः अनादर करण्याचा हेतू अजिबात नाही. मॅडम सगळं शांतपणे ऐकत होत्या, मधूनमधून पोह्यांतली मिरची बाजूला काढत होत्या.

“मी नियमांच्या विरुद्ध नाही,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यभर नियम लावायचीच नोकरी केली. रोज रात्री आठला हजेरी घ्यायची. तुमच्या घरी कोण कोण असतं?”

काकांचा आवाज खुलला. पत्नी, मुलगा, सून, दोन नाती. धाकटी आताच चालायला लागली होती.

“आत्ता कुठे आहेत? आवाज नाही येत.”

“मुलगा मेलबर्नला असतो. आमच्या मंडळीही गेल्या जूनपासून तिकडेच आहेत. नातीसाठी.”

“म्हणजे आत्ता घरी?”

काकांनी फाईलचा कोपरा सरळ केला. “आत्ता मी,” ते म्हणाले.

मॅडमनी एखाद्या मुलीचं नाव हजेरीत लिहावं तशी मान हलवली आणि शैलाताईंकडे वळल्या. शैलाताईंनी आपणहूनच सांगून टाकलं की मिस्टर गेले त्याला चार वर्षं झाली, मुलगी बंगलोरला, आणि घरात त्या आणि टीव्ही. बोथरांनी मात्र अभिमानाने सांगितलं की ते नऊ जण आहेत, शिवाय सुनेला सातवा महिना आहे. मॅडमनी त्यांचं अभिनंदन केलं.

“पण कुटुंब आहे ना आमचं,” हुपरीकर काका म्हणाले. “इथे नसलं म्हणून काय झालं? नाव आहे, नातं आहे. आता हीच आपली हर्षदा बघा. नवरा मस्कतला, पण पोरीला घेऊन किती व्यवस्थित राहते. दारावर त्याची पाटी आहे. याला मी कुटुंब म्हणतो.”

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. बोथरांनी एकदम पोह्यांच्या बशीत लक्ष घातलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, अजिबात बघितलं नाही, आणि त्यानेच माझी पंचाईत झाली. त्यांनी पर्स उचलली. नियम असेल तर असू दे, मी दुसरीकडे बघते, असं काहीसं त्या म्हणत होत्या. तेवढ्यात कुणीतरी बोललं. तो माझाच आवाज होता.

“काका, पराग मस्कतला नाही.”

वर पंखा फिरत होता. आता सुरुवात केलीच आहे तर पूर्ण करावं म्हणून मी म्हटलं, “तो कधीच मस्कतला नव्हता. आम्ही वेगळे झालोय. अडीच वर्षं झाली. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. घरात मी आणि जुई, दोघीच.”

आता हे लोक मला किती दिवसांची मुदत देतील, याचा मी हिशोब करत होते. जुईची परीक्षा मार्चअखेर. तिथपर्यंत तरी द्यावी.

“माहीत आहे गं,” शैलाताई म्हणाल्या.

“नाशिक ना?” बोथरांनी बशीतून मान वर न करता विचारलं.

मी हुपरीकर काकांकडे बघितलं. ते चष्मा काढून पुसत होते, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा पुष्कळ म्हातारा दिसत होता. “तुझ्या दोन्ही फॉर्मवर माझी सही आहे,” ते म्हणाले. “मी खात्यात छत्तीस वर्षं कागद वाचले. मस्कतला राहणाऱ्या माणसाची बँकेची पत्रं इथून वळून नाशिक रोडच्या पत्त्यावर जात नाहीत, एवढं मला कळतं.”

“मग तुम्ही मला काही विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला नियम लावावा लागला असता.”

मॅडम तेव्हा बोलल्या. आवाज मऊ होता, पण पाठीमागे वसतिगृहाचं फाटक होतं. “म्हणजे एकटीने राहिलेलं तुम्हाला चालतं. फक्त तिने तसं म्हणायचं नाही.”

हुपरीकर काकांना हसू आलं. आधी थोडं, नंतर बरंच, शेवटी ठसका लागला आणि शैलाताईंना पाणी आणायला उठावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी फाईल पुन्हा पुढे ओढली. बोथरांनी विचारलं की सर्वसाधारण सभेत कुणी प्रश्न काढला तर काय सांगायचं. काका म्हणाले, हर्षदा सांगेल, ती आता बोलायला शिकली आहे. आणि त्यांनी सही केली.

एप्रिलमधल्या सभेत प्रश्न निघालाच. त्याआधी काकांनी मला घरोघरी जाऊन यादी करायला सांगितली होती. ‘सहजीवन’मध्ये अठ्ठेचाळीस घरं होती. त्यांतल्या सतरा घरांत एकच माणूस राहत होतं. चौदा घरांत दोन म्हातारी माणसं. चौदा वर्षांखालची मुलं सगळी मिळून अकरा, त्यांतली तीन बोथरांची. ही यादी वाचून दाखवली तेव्हा सभागृहात कुणी वाद घातला नाही. लोक एकमेकांकडे चोरून बघत होते. प्रत्येकाला आजवर वाटत होतं, असं आपलं एकट्याचंच घर आहे. मग नियमात सुधारणा झाली. तिची भाषा काकांची, अस्सल खात्यातली : ‘कुटुंब म्हणजे सदनिकेत प्रत्यक्ष वास्तव्यास असणारी एक वा अधिक माणसे.’

मॅडम पंधरा वर्षं तिथे राहिल्या. तिसरी खोली त्यांनी खरोखरच रिकामी ठेवली, आणि ती बघायला म्हणून लोक जायचे. रोज संध्याकाळी सात वाजता मात्र त्या इंटरकॉमवरून सतरा घरांना फोन करायच्या. काय खाल्लं, गोळी घेतली का, एवढंच. लोक तक्रार करायचे की बाई हजेरी घेतात. एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आठवडाभर नव्हत्या, तर हुपरीकर काका सात वाजता फोनपाशी येऊन बसायचे आणि साडेसातला चिडून उठायचे. मेलबर्नहून परत आलेल्या काकूंनी मला हे हसत हसत सांगितलं होतं.

मी अजून याच धंद्यात आहे. आता माझं ऑफिस आहे, हाताखाली दोघी आहेत. ‘आपल्यासारखी माणसं’ हे मी म्हणायचं सोडलं.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. एनओसी घेऊन मी घरी आले तेव्हा जुई जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवत बसली होती. ती तेव्हा दहा वर्षांची होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं की मला काही सांगायचंय. बाबाबद्दल मी सगळ्यांना जे सांगत होते ते खरं नव्हतं, आणि आज मी ते कमिटीला सांगून टाकलं. तुला शाळेत कुणी विचारलं तर आता लपवायची गरज नाही. अडीच वर्षं या पोरीवर किती ओझं टाकलं, असं मनात येत होतं.

जुईने निळा खडू खाली ठेवला. “पण शैलाकाकूंना तर मी कधीच सांगितलंय.”

“काय सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं होतं, बाबा मस्कतहून काय काय आणतो. मी म्हटलं, द्राक्षं. मग त्या हसल्या. म्हणून मी त्यांना नेऊन दिली थोडी.” तिने पुन्हा खडू उचलला आणि समुद्र रंगवायला घेतला. “हुपरीकर आजोबांना पण दिली. ते एकटेच आहेत ना, म्हणून एकच घड. बोथरा काकांकडे अख्खी पेटी दिली होती. त्यांच्याकडे माणसं खूप आहेत.”